पंचवीस म्हणजे सतरा नव्हे

शिरूर,
१२ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप आत्या यांस रंभाचा सविनय जयभीम.

आबांचा खोकला उतरला आहे. आईची कंबर आहे तशीच आहे. मी मजेत आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुमच्या दाढेचं काय झालं ते कळवा. काढून घ्या, घाबरू नका, असं मायेचं काहीतरी लिहिणार होते, पण त्या दाढेवर माझा राग आहे. ती नेमकी त्या रविवारी सुजली नसती तर तुम्ही पाहुण्यांबरोबर इथं आला असता, सगळं डोळ्यांनी पाहिलं असतं, आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. तात्यांना जयभीम. (ते निदान समोरच्याला वाक्य पुरं करू देतात. दौंडात हा गुण किती दुर्मीळ आहे ते मला आता कळलं.)

आता तुमच्या कार्डाविषयी. असला मजकूर उघड्या कार्डावर लिहू नये, आत्या. आमचा पोस्टमन सगळ्या आळीची कार्डं वाचतो आणि दारात देताना मजकुराला शोभेल असा चेहरा करतो. तुमचं कार्ड देताना त्यानं कुणीतरी गेल्याचा चेहरा केला होता. आईला वाचता येत नाही, पण तो चेहरा वाचता येतो. तिनं पदर तोंडाला लावला. आणि कार्डात काय, तर ‘तू मुलाला सगळ्यांदेखत नापास केलंस असं रतनबाई म्हणतात, मला कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही.’ मी कुणाला नापास केलेलं नाही. नापास करायला अख्खा पेपर लागतो. एक उत्तर चुकलं होतं. ते चुकलं असं मी म्हटलं. शाळेत याच कामाचा मला पगार मिळतो. घरात तेच केलं तर त्याला अपमान म्हणतात. हे स्थळ तुम्ही सुचवलंत, त्यामुळे दौंडची बाजू तुमच्या कानावर आधी गेली. आता शिरूरची ऐका.

तुम्ही मला पढवून ठेवलं होतं. मान खाली ठेवायची. विचारलं तेवढंच सांगायचं. आणि शेवटी ‘तुला काही विचारायचंय का?’ असं ते म्हणतील तेव्हा मान हलवून नाही म्हणायचं, कारण तो प्रश्न नसतो, उठायची वेळ झाली असं सांगण्याची ती पद्धत असते. पहिल्या दोन गोष्टी मी तंतोतंत पाळल्या. तिसरीबद्दल खाली येतंच.

तिघं आली. मुलगा ज्ञानदेव, त्यांच्या आई रतनबाई, आणि मामा पोपटराव. पोपटमामांना तुम्ही ओळखता, पण तुम्ही त्यांना तुमच्या रेल्वे कॉलनीत पाहिलं आहे. परक्याच्या घरात पाहिलेलं नाही. मामा निवृत्त गार्ड आहेत. रेल्वेनं त्यांना सोडलं, त्यांनी रेल्वेचा काळा कोट सोडलेला नाही. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी घड्याळ पाहिलं, एसटी किती उशिरा आली ते सांगितलं, मग घराकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं पाहिलं की त्यांनी झेंडा दाखवल्याशिवाय आमचं घर हलणार नाही असं आबांनाही वाटलं असावं. आबा उभेच राहिले. मामांनी ‘बसा’ म्हटल्यावर बसले. स्वतःच्या घरात.

रतनबाईंनी भाकरी हातावर थापता येते का विचारलं. येते म्हटलं. (येते.) मामांनी नाव विचारलं, जे त्यांना माहीत होतं, आणि मग ते लिहून दाखवायला सांगितलं. पत्रिका आपल्यात बघत नाहीत, ते आपण सोडलं याचा मला अभिमान आहे. पण माणसाला काहीतरी बघायचंच असतं, म्हणून अक्षर बघतात. सहामाही परीक्षेचे कोरे कागद घरात होते, त्यातला एक घेऊन मी ‘रंभा म्हाळू रणपिसे’ असं लिहिलं. मामांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, “अक्षर सरळ हाय. रुळावर हाय.” हा प्रकार इथं संपायला हवा होता. नेहमी इथंच संपतो. राहू गावच्या मंडळींचा इथंच संपला होता (त्यांना माझी उंची जास्त वाटली), आणि वडगाव रासाईच्या मंडळींचाही (त्यांना माझा पगार जास्त वाटला). पण ज्ञानदेवांनी मामांच्या हातून कागद घेतला.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, हे तुम्हांला आधीच सांगते. निळा सदरा, कॉलर इस्त्रीची पण एका बाजूनं वळलेली, घड्याळ मनगटाच्या आतल्या अंगाला. एवढं मान खाली ठेवूनही दिसतं. ते सिग्नलखात्यात आहेत आणि इंटर सायन्सनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडलं, हे तुम्हीच लिहिलं होतं. त्यांनी माझ्या नावाखाली दोन ओळी लिहिल्या:

फ(क्ष) = क्ष²
ग(क्ष) = २क्ष − १

आणि त्याखाली ‘क्ष = ३ असता?’

आत्या, याला फलन म्हणतात. ते काय असतं हे तुम्हांला सांगून ठेवते, नाहीतर तुम्हीही मामांच्याच डब्यात बसाल. फलन म्हणजे एक ठरलेली कृती. आकडा आत घालायचा, कृती करायची, दुसरा आकडा बाहेर येतो. क्ष म्हणजे आत घालायचा आकडा. तो कुठलाही असू शकतो. फ ची कृती अशी, की आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं. ग ची कृती अशी, की आकडा दुप्पट करायचा आणि एक काढून टाकायचा. तीन घातला तर फ मधून नऊ बाहेर येतात आणि ग मधून पाच. संपलं. यात समजायला कठीण काही नाही. यंदा दहावीला हे नव्यानं आलं आहे आणि आमच्या शाळेत ते शिकवायला कुणी पुढं येईना, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. जूनपासून मी हेच शिकवते. म्हणजे बघा, पोळपाट-लाटणं घेऊन बसलेल्या बाईला पीठ ओळखता येतं का असं विचारण्यातला हा प्रकार. मला राग आला. (थोडं बरंही वाटलं. आजवर मला कुणी चालून दाखव म्हटलं आहे, केस सोड म्हटलं आहे. क्ष बरोबर तीन असता, असं कुणी म्हटलं नव्हतं.)

मी नऊ आणि पाच लिहिले. त्यांनी दोन्हीपुढे बरोबरची खूण केली. माझ्या घरात, माझ्या कागदावर, मला! तेही सोडा. मग त्यांनी (फ + ग)(३) लिहिलं, म्हणजे दोन्ही उत्तरांची बेरीज. मी चौदा लिहिले. इथं पोपटमामा पुढं सरकले. त्यांना वाटलं आपल्याला समजतंय.

“म्हंजी फ ला ग जोडला.”

“हो.”

“आन् ग ला फ जोडला तर?”

“तरी चौदाच, मामा.”

“मंग झालं की! डबा फुडून जोडा न्हाईतर मागून जोडा.” आणि त्यांनी आबांकडे असं पाहिलं की हे नवं गणित म्हणजे काही विशेष नाही, आम्ही ते नोकरीभर करत होतो.

बेरजेपुरतं ते खरं आहे, हे मी न्यायानं लिहिते. गुणाकारापुरतंही खरं आहे. पुढचं गणित त्याचंच होतं, पंचेचाळीस, मामांनी उलटसुलट करवून घेतलं, दोन्ही वेळा पंचेचाळीसच आले, आणि मामांचा कोट आणखी थोडा फुगला. दोनदा खरं ठरलेला माणूस फार धोक्याचा. तिसऱ्या वेळी तो विचारत नाही.

मग ज्ञानदेवांनी लिहिलं फ(ग(३)). आता हे जोडणं नव्हे. इथं एका कृतीतून निघालेलं दुसरीच्या तोंडात जातं. कंसाच्या आतलं आधी. तीन ग मध्ये घातले, पाच निघाले. ते पाच फ मध्ये घातले, पंचवीस निघाले. मी पंचवीस लिहिले. त्यांनी खूण केली. ही खूण आधीच्यांपेक्षा मोठी होती. मग कागद माझ्याकडे सरकवून त्यांनी स्वतःच्या तोंडानं, हळूच विचारलं, “तुम्हांला काही विचारायचंय?”

‘तुम्हांला’ म्हणाले, आत्या. आजवर ‘तुला’ होतं. तुम्ही सांगितलेलं मला आठवत होतं, मान हलवायला मी सुरुवातही केली होती. पण पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं, ग(फ(३)).

यात काय चुकलं? त्यांनी मला पाच विचारली, मी एक विचारलं. तेही त्यांच्याच फ आणि ग चं, नुसतं आतलं बाहेर आणि बाहेरचं आत केलेलं. आणि त्यांनी काय करावं? क्षणभरही न थांबता पंचवीस लिहिले. खाली रेघ ओढली. दौंडात जन्मलेला माणूस, दुसरं काय करणार. मी म्हटलं, “चूक.”

एवढा एकच शब्द. वर्गात मी तो दिवसातून किती वेळा म्हणते याची मोजदाद नाही, आणि आजवर एकाही मुलीच्या आईनं उपमा खाता खाता बशी खाली ठेवलेली नाही. रतनबाईंनी ठेवली. आई चहा घेऊन येत होती ती दारातच थांबली. आबा माझ्याकडे पाहून डोळ्यांनी काहीतरी खुणावत होते, ते मला समजलं नाही असं मी दाखवलं.

“चूक?” मामा म्हणाले. “पोरी, आत्ता तूच लिवलंस पंचवीस. तवा बरूबर आन् आता चूक?”

मी सांगितलं की आता क्रम उलटा आहे. आधी फ, मग ग. तिनाचे नऊ, नवाची दुप्पट अठरा, एक गेला, सतरा.

यावर मामा हसले. ते हसणं तुम्ही ऐकायला हवं होतं. तक्रार घेऊन आलेल्या उतारूकडे पाहून गार्ड लोक हसतात, तसं. म्हणाले, “उलटं झालं म्हनून काय झालं? आमच्या दौंडाला रोज गाडी उलटी हुती. पुन्याहून आली का इंजिन सुटतं, मागच्या अंगाला जाऊन लागतं. मागचा डबा फुडं, फुडचा मागं. मी झेंडा घेऊन ह्या टोकाचा त्या टोकाला. उतारू उलट्या तोंडानं बसलेला असतो. मंग मनमाडचा मानूस मनमाडला उतरतो का सोलापूरला जातो? आँ? बोल की.”

खोलीतल्या सगळ्यांना हे पटलं. आत्या, मी मामांचा चेहरा बघत होते, आणि मला त्यांचंही एका अर्थी पटलं. दौंडात राहून माणसाला दुसरं काही वाटणं शक्यच नाही. तुम्हांलाही वाटत असेल. रोज डोळ्यांसमोर अख्खी गाडी उलटी होते आणि कुणाचं काही बिघडत नाही, गाडी नगरला पोचते, मनमाडला पोचते. अशा गावात क्रमाला काय किंमत राहणार? पण गाडी उलटी झाली तरी आतला माणूस तोच असतो. गार्डाच्या डब्यातून निघून इंजिनात गेल्यावर तो दुप्पट होत नाही आणि त्यातून एक वजा होत नाही. इथं होतो.

हे मी सांगायला गेले. म्हटलं, मामा, डाळीचं बघा. आधी दळली आणि मग भिजवली तर पिठलं होतं. आधी भिजवली आणि मग दळली तर—

“वडे होतात,” आई दारातून म्हणाली.

“आमच्या ज्ञानूला वडे लई आवडतात,” रतनबाई म्हणाल्या.

“बगा,” मामा म्हणाले. “पिठलं काय, वडे काय. जेवन झाल्याशी मतलब.”

मी आबांकडे पाहिलं. आबांनी सगळी नोकरी कचेरीत काढली. तिथं साहेब येईपर्यंत दोन्ही पक्षांचं बरोबर असतं. ते म्हणाले, “पोपटराव म्हणतात त्यातही तथ्य आहे.” त्यातही! सतरा आणि पंचवीस यांच्यामध्ये तथ्य कुठं बसणार आहे? एकवीसावर?

आता मूळ गोष्ट. रतनबाईंनी ती तुम्हांला सांगितलेली नसणार, कारण त्यांना ती दिसली नाही. ज्ञानदेव यातलं काही बोलत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. कागद मामांच्या हातात होता. त्यांनी गुडघ्यावर, टेबलाच्या आड, बोटानं लिहिलं. मी मान खाली ठेवली होती (तुम्हीच सांगितलं होतं), त्यामुळे मला ते बोट अगदी समोर होतं. तीन. मग नऊ. मग अठरा. मग बोट थांबलं. ज्या ठिकाणी सतरा यायला हवेत तिथं येऊन ते थांबलं, आणि त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहिलं, आणि बशीतला गार उपमा खायला घेतला. सगळा खाल्ला. मिरच्यासुद्धा.

त्यांना कळलं होतं, आत्या. कळलं होतं आणि ते गप्प बसले. मामा गाडी मनमाडला पोचवत होते, आई वडे तळत होती, आबा तथ्य शोधत होते, आणि ज्या एका माणसाला उत्तर ठाऊक होतं तो मिरच्या खात होता. माझा सगळा राग हा आहे. चुकण्याचा मला राग नाही. वर्गात सगळ्या चुकतात, मी चुकते, घाईत तर रोज चुकते. येत नसेल तर शिकवता येतं. पण सतरा आहेत हे कळल्यावर जो माणूस मामांपुढे सतरा म्हणत नाही, तो उद्या काय करेल ते मला आजच दिसतं. मामा म्हणतील, सुनेनं शाळेत जायची गरज काय. आणि हे वडे खातील. मामा म्हणतील, मुलीला एवढं शिकवून काय करायचं. आणि हे ताक मागतील. मी नोकरी दौंडला बदलून घ्यायला तयार होते. तुमच्या कॉलनीतल्या शाळेत जागा आहे का ते विचारायला तुम्हांला सांगणारही होते. आता नाही सांगत.

आणि वर तुमच्या कार्डाच्या मागच्या बाजूला, पत्त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात काय लिहिलंय? की पोपटराव मोठ्या मनाचे आहेत, ते झालं गेलं विसरायला तयार आहेत, मुलीनं फक्त एक ओळ लिहून द्यावी: ‘पुढून गेलं काय नि मागून गेलं काय, उत्तर एकच.’ खाली सही. मग येत्या महिन्यात साखरपुडा.

ही ओळ मी लिहून देणार नाही. मी ती तपासली. अगदी त्यांच्या बाजूनं तपासली, की कुठंतरी खरी ठरली तर बरं. चार घातले तर एका क्रमानं एकोणपन्नास आणि दुसऱ्यानं एकतीस. दहा घातले तर तीनशे एकसष्ट आणि एकशे नव्व्याण्णव. शंभर घातले तर एकोणचाळीस हजार सहाशे एक आणि एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णव. आकडा वाढेल तशी दोन गाड्यांमधली दरी वाढत जाते. शंभरापर्यंत जाऊन पाहिलं, एक मनमाडला आहे आणि दुसरी कुठं आहे ते कुणाला सांगता यायचं नाही. आणि अशा ओळीखाली मी सही करायची, आणि उद्या दहावीच्या वर्गात जाऊन कंसाच्या आतलं आधी म्हणून सांगायचं? वर्गाला सगळं कळलं आहे, हे वेगळं सांगायला नको. (पोस्टमनची मुलगी पहिल्या बाकावर बसते.) काल मी फळ्यावर फ(ग(क्ष)) लिहिलं तर मागून कुणीतरी विचारलं, “बाई, मामांच्या रीतीनं सोडवू का?” सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. गृहपाठ दुप्पट दिला.

घरात कुणी माझ्या बाजूचं नाही. आबा म्हणतात, लिहून दे, कागदावरचे दोन आकडे ते, त्यावरून का संसार अडतो. आई म्हणते, पंचवीस मोठे आहेत, पंचवीसच ठेव. आणि मग दोघंही म्हणतात, तू चोविसाची झालीस. त्यात मात्र कुणाला तथ्य शोधावं लागत नाही.

मला लग्न करायचं नाही असं नाही, आत्या. तुम्हांला ठाऊक आहे. पण खोट्या ओळीखाली सही करून मला कुणाच्या घरात जायचं नाही. तेव्हा निर्णय कळवते. नाही. रतनबाईंना सांगा, पोपटमामांना सांगा, आणि ज्यांना आधीच कळलं आहे त्यांनाही सांगा. तात्यांना, आणि दाढेला, सप्रेम.

तुमची भाची,
रंभा

ता. क. — वरचं ‘नाही’ मी आबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही कुणाला एवढ्यात सांगू नका. म्हणजे खाली काय लिहिलं आहे ते वाचून मग ठरवा.

आणखी ता. क. — पाकीट चिकटवायला घेतलं आणि लक्षात आलं की मी चार घातले, दहा घातले, शंभर घातले, पण एक घातलाच नाही. आता घातला. एकाला एकानं गुणलं की एक. एकाची दुप्पट दोन, त्यातून एक गेला, एक. आधी फ करा, मग ग करा; आधी ग करा, मग फ करा; एक आत गेला तर एकच बाहेर येतो. या एकाच आकड्यापाशी पोपटमामा बरोबर आहेत. दुसऱ्या कुठल्याही नाही, मी सोडवून पाहिलं. तेव्हा पुढची ओळ मी लिहून द्यायला तयार आहे, आणि ती वेगळ्या कागदावर सहीनिशी सोबत ठेवली आहे: ‘क्षची किंमत एक असता, पुढून गेलं काय नि मागून गेलं काय, उत्तर एकच.’ यात खोटं काही नाही. वर्गासमोर वाचून दाखवावं इतकं खरं आहे. सुरुवातीचे चार शब्द मामांना खटकणार नाहीत. ते गार्ड होते. वाक्यसुद्धा ते मागच्या डब्यापासूनच वाचत असणार.

तिसरा ता. क. — पण ती चिठ्ठी मामांना थेट देऊ नका. आधी ज्ञानदेवांना दाखवा. ड्युटीवरून येताना ते तुमच्या दारावरूनच जातात असं तुम्ही एकदा लिहिलं होतं. त्यांना काही विचारू नका, समजावू तर मुळीच नका, नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघा. ते इंटर सायन्स आहेत. ‘एक असता’ हे वाचल्यावर मी काय केलं आहे ते त्यांना कळेल. वाचून ते हसले, तर ती मामांना त्यांनी स्वतःच्या हातानं द्यावी, आणि बाकीच्या किमतींना काय होतं ते मामांना कधी सांगायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं, पण सांगायचं. मी वाट बघेन. आणि हसले नाहीत, नुसतं ‘बरोबर आहे’ म्हणून परत केली, तर चिठ्ठी चुलीत घाला आणि वरचं ‘नाही’ कळवा. कॉलनीतल्या शाळेत गणिताची जागा आहे का, तेही जाता जाता विचारून ठेवा. ते याच्याशी संबंधित नाही.

शेवटचा ता. क. — संध्याकाळची वेळ असेल, माणूस थकून आलेला असेल, ओठ हलले की नाही हे उंबऱ्यातून धड दिसणारही नाही. हसले की नाही हे तुम्हांला नक्की सांगता येईना, तर हसले असं मानू.